पहिल्यांदाच आतल्या भिंतीला गिलावा करताना

पहिल्या गिलाव्यासाठी हॉलची भिंत धरू नका. खिडकीशेजारची तर मुळीच नको. तिथे उजेड तिरपा पडतो आणि तिरप्या उजेडात दोन मिलिमीटरचा उंचवटाही लाटेसारखा उठून दिसतो. कोठीची खोली, जिन्याखालची भिंत, पुढे कपाट येणार आहे अशी भिंत निवडा. दहा बाय दहा फुटांची, मध्ये दार-खिडकी नसलेली. सराईत गवंडी आणि एक बिगारी अशी भिंत दिवसात उरकतात. तुम्ही दिवसाला ३० ते ४० चौरस फूट धरा, म्हणजे तीन दिवसांचं काम.

नवखा माणूस सगळं लक्ष वरच्या गुळगुळीतपणावर ठेवतो. गिलावा मात्र बिघडतो तो बहुतेक वेळा पाण्यावरून. भिंतीत किती पाणी होतं, मालात (म्हणजे कालवलेल्या सिमेंट-वाळूत) किती घातलं आणि नंतर किती दिवस मारलं, या तीन गोष्टी जमल्या की हात थोडा कच्चा असला तरी चालतं.

आधी भिंत ओळखा

कोल्हापुरात भिंत म्हणजे एकच प्रकार नाही. नव्या बांधकामात भट्टीच्या विटा किंवा हलके राखाडी ब्लॉक असतात. आजरा, चंदगड, राधानगरीकडे जांभ्याचा चिरा. आणि शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांत मातीत किंवा चुन्यात बांधलेल्या जाड भिंती. पुढची सगळी कृती विटांच्या, सिमेंटमध्ये बांधलेल्या भिंतीची आहे. बाकीच्यांबद्दल एवढंच:

जांभा सच्छिद्र आणि खडबडीत असतो. त्याला भरपूर भिजवून आधी पातळ मालाचा एक थर नुसता फेकायचा, भोकं भरायची आणि मुख्य थर दुसऱ्या दिवशी द्यायचा. हलक्या ब्लॉकला उलट फार भिजवायचं नाही, नुसता शिडकावा. तो आत पाणी धरून बसतो आणि नंतर वाळताना आकसून गिलाव्याला भेगा पाडतो. मातीच्या किंवा चुन्याच्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करूच नका. अशी भिंत ओल आत घेते आणि बाहेर सोडते. वर सिमेंटचं कवच बसलं की ओल मागे अडकते आणि दोन-तीन पावसाळ्यांत गिलावा पापुद्र्यासारखा सुटून येतो. तिथे चुन्याचाच गिलावा लागतो आणि ते काम जाणत्या माणसाचं आहे.

२०१९ आणि २०२१ च्या पुराचं पाणी ज्या घरांत शिरलं, तिथे अजून एक अडचण असते. भिंतीतला खार पांढऱ्या पिठासारखा बाहेर येत राहतो. पाण्याची रेघ जिथवर होती त्याच्या फूटभर वरपर्यंत जुना गिलावा काढून टाकायचा, सांधे मोकळे करायचे आणि भिंत पुरती वाळू द्यायची. खार कोरड्या ब्रशनेच झाडायचा. धुतलात तर तो विरघळून परत आत जातो आणि नव्या गिलाव्यातून बाहेर येतो.

सामान

थापी, लाकडी रंधा (सुताराचा नव्हे, ओला गिलावा घासून सारखा करायची मूठवाली फळी), ॲल्युमिनियमची सहा फुटी पट्टी, ओळंबा (दोऱ्याला चकती आणि खाली जड गोळा), गुण्या, दोरा, दोन घमेली, फावडं, चाळण, पाणी शिंपडायला कुंचा, तारेचा ब्रश, छन्नी-हातोडा आणि दोन सारख्या बादल्या. लोखंडी गुरमाळा (भिंत घोटून गुळगुळीत करायचं पातं) घेतला तरी पहिल्या दिवशी पेटीतच ठेवा, कारण पुढे येईल. वरच्या भागासाठी शिडी नको, दोन घोड्या आणि वर जाड फळी हवी. एका हातात माल आणि दुसऱ्या हातात थापी असताना शिडीला धरणार कशाने?

रबरी हातमोजे आणि चष्मा घालाच. ओलं सिमेंट कातडी खातं, आणि ते लगेच कळत नाही, रात्री बोटांची टोकं चुरचुरायला लागल्यावर कळतं. डोळ्यात उडालं तर न चोळता भरपूर पाण्याने धुवा आणि डॉक्टरांना दाखवा.

वाळू हा खरा प्रश्न. आता बाजारात मिळते ती बहुतेक काळ्या दगडाची क्रश सँड. तिच्यात काँक्रीटची वेगळी आणि प्लास्टरची वेगळी. दुकानात ‘प्लास्टरची, धुतलेली’ असं स्पष्ट सांगा. काँक्रीटच्या वाळूतली खडी रंध्याखाली येऊन चरे पाडते. डस्ट जास्त असलेली वाळू हाताला मऊ लागते, काम सोपं वाटतं आणि आठवडाभरात भिंतीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा दिसतात. तपासायला सरळ उभी काचेची बाटली घ्या, निम्मी वाळू भरा, वर चिमूटभर मीठ घातलेलं पाणी ओता, जोरात हलवा आणि तीन तास ठेवा. वाळूवर गाळाचा वेगळा थर बसतो. तो वाळूच्या उंचीच्या ८ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर वाळू परत धुवा किंवा बदला. वापरण्याआधी अडीच मिलिमीटरच्या आसपासच्या चाळणीतून चाळा.

किती माल लागेल

दहा बाय दहाची भिंत म्हणजे १०० चौरस फूट, गवंड्यांच्या भाषेत एक ब्रास. (वाळूचा ब्रास वेगळा, तो १०० घनफूट. दोन्हींना ब्रासच म्हणतात, आणि त्यात पुष्कळ नवखे फसतात.) १२ मिलिमीटर जाडी, एकास पाच प्रमाण (एक भाग सिमेंट, पाच भाग वाळू), सांध्यांत जाणारा आणि खाली सांडणारा माल धरून साधारण ४३ किलो सिमेंट आणि सव्वापाच घनफूट वाळू लागते. म्हणजे ५० किलोचं एक पोतं पुरतं. वाळू सहा घनफूट मागवा.

घमेल्याने मोजू नका. घमेलं कधी सपाट भरतं, कधी शिगोशीग. एकच बादली घ्या आणि ५ लिटरवर आत खूण करा. सिमेंट त्या खुणेपर्यंत एकदा, वाळू पाचदा. त्यात सुमारे सात किलो सिमेंट बसतं आणि एवढ्या मालात १५ ते १७ चौरस फूट होतात. एका वेळी कालवलेला एवढा माल म्हणजे एक घाणा. भिंतीला असे सहा घाणे. पाण्याशी गाठ पडल्यापासून अर्ध्या तासात माल संपवायचा असतो, म्हणून नवख्याने मोठा घाणा करूच नये.

वाळू ओली असेल तर मोजणी चुकते. ओलसर वाळू फुगते. काचेच्या सरळ भांड्यात ती २० सेंटिमीटर उंच सैल भरा, पाणी घालून ढवळा. ती १६ सेंटिमीटरवर खाली बसली तर २५ टक्के फुगलेली आहे, म्हणजे पाचऐवजी सव्वासहा मापं घालायची. हे न करता पाचच मापं घातली तर माल एकास चार होतो. जास्त सिमेंट म्हणजे जास्त मजबुती असा आपला समज, पण गिलाव्यात जास्त सिमेंट म्हणजे जास्त आकसणं आणि जास्त भेगा.

आदल्या दिवशीचं काम

वीटकाम होऊन त्यावर निदान सात दिवस पाणी मारलेलं असावं. वायरिंगचे पाइप बसलेले, त्यांच्या खाचा मालाने भरलेल्या असाव्यात. स्विचच्या पेट्या भिंतीबाहेर किती आल्या आहेत ते बघा. पेटीची कड गिलाव्याच्या वरच्या पातळीशी यायला हवी, नाहीतर प्लेट बसताना भोवती फट राहते. पेट्यांत कागद कोंबून ठेवा.

सांधे १० ते १२ मिलिमीटर खोल खरवडा. गिलाव्याला भिंतीत पाय रोवायला तेवढीच जागा असते. काँक्रीटच्या खांबावर, तुळईवर छन्नीने जवळजवळ टाच्या मारा. गुळगुळीत काँक्रीटवर गिलावा नुसता चिकटलेला असतो, धरलेला नसतो. खांब आणि वीट जिथे मिळतात तिथे फूटभर रुंद कोंबडी जाळी दोन्हीकडे सहा-सहा इंच येईल अशी खिळ्यांनी ठोका. जाळी भिंतीला लगटून न ठेवता थोडी सुटी ठेवा, म्हणजे माल मागे शिरतो. हा सांधा जाळीशिवाय सोडला की तिथे उभी सरळ भेग येणारच, कारण वीट आणि काँक्रीट उन्हाने सारखे फुगत नाहीत.

संध्याकाळी भिंत भिजवा आणि सकाळी पुन्हा. भट्टीची वीट स्वतःच्या वजनाच्या १५ ते २० टक्के पाणी पिऊ शकते. कोरड्या विटेवर माल लावला की ती त्यातलं पाणी ओढून घेते, सिमेंट मुरायच्या आतच कोरडं पडतं आणि गिलावा वाळूसारखा भुसभुशीत राहतो. काम सुरू करताना ओंजळभर पाणी भिंतीवर मारून बघा. क्षणात गडप झालं तर भिंत अजून तहानलेली आहे. ओघळून खाली गेलं आणि भिंत चकाकत राहिली तर थांबा, फार ओली आहे, माल घसरेल. पाणी पसरून दोन-चार सेकंदांत मुरलं आणि भिंत नुसती गडद दिसली की ठीक.

बटणं आणि पट्टे

भिंत डोळ्यांना सरळ दिसते, पण नसते. दोन टोकांना खिळे मारून दोरा आडवा, मग तिरपा ताणा आणि कुठली वीट सर्वांत पुढे आली आहे ते शोधा. तिच्यावर ८ ते १० मिलिमीटर जाडी राहील असं धरून बाकी भिंतीची पातळी ठरते. कुठे २० मिलिमीटरपेक्षा जास्त खड्डा निघत असेल तर तिथे आदल्या दिवशीच भर द्या आणि ती ओली असताना ओरखडून ठेवा. एकाच थरात जाड माल चढवला की तो स्वतःच्या वजनाने खाली ओघळतो आणि मधे पोट येतं.

आता वरच्या कोपऱ्यापासून सहा इंच आत, छतापासून सहा इंच खाली मालाचा सहा इंची गोळा लावून त्यात टाइलचा लहान तुकडा दाबा. हे पहिलं बटण. ओळंब्याची चकती त्या तुकड्याला टेकवा आणि ओळंब्याचा गोळा खाली सोडा. जमिनीपासून फूटभर वर दुसरं बटण लावा आणि तुकडा हळूहळू दाबत न्या, गोळा त्याला नुसता शिवून जाईल इतका. गोळा तुकड्यावर रेलला तर बटण बाहेर आहे, मधे फट दिसली तर आत गेलं आहे. पंखा बंद ठेवा आणि गोळा स्थिर व्हायची वाट बघा. घाई इथेच होते. दुसऱ्या टोकालाही अशीच जोडी करा, मग दोन्हींत दोरा ताणून मधली बटणं चार-चार फुटांवर लावा. सहा फुटी पट्टीला दोन्हीकडे टेकायला जागा राहते.

बटणं घट्ट झाल्यावर वरच्या-खालच्या बटणांमधे सहा इंच रुंद उभा पट्टा मालाने भरा आणि पट्टी फिरवून बटणांच्या पातळीत आणा. पट्टे रात्रभर घट्ट होऊ द्या. भिंतीचा सरळपणा या पट्ट्यांत ठरून गेलेला असतो. उद्या फक्त मधली जागा भरायची आहे.

माल कालवणं आणि मारणं

सिमेंट आणि वाळू कोरडीच तीन वेळा उलथापालथ करा. रंग सगळीकडे सारखा दिसला पाहिजे, राखाडी पट्टे राहता कामा नयेत. मग मधे आळं करून पाणी घाला. वरच्या घाण्याला कोरड्या वाळूत साधारण ५ ते ६ लिटर, पण एकदम ओतू नका. माल थालीपीठाच्या पिठापेक्षा सैल आणि भज्यांच्या पिठापेक्षा घट्ट हवा. थापीवर घेऊन थापी तिरकी केली की तो हळूच सरकावा, वाहू नये. भिंतीखाली प्लास्टिक अंथरा. पडलेला माल स्वच्छ असेल आणि अर्धा तास झाला नसेल तर परत वापरता येतो. घट्ट झालेल्या मालात पाणी घालून तो पुन्हा मऊ करणं हा सगळ्यात सर्रास चालणारा आणि सगळ्यात वाईट प्रकार. त्या मालाची पकड गेलेली असते. तो टाकून द्या.

माल थापायचा नसतो, मारायचा असतो. थापीच्या टोकावर मूठभर माल घ्यायचा, कोपर अंगाजवळ ठेवायचं आणि भिंतीपासून हातभर अंतरावरून मनगटाला झटका द्यायचा. जोर खांद्याचा नाही, मनगटाचा. नीट बसला तर ‘थप्’ असा भरीव आवाज येतो आणि माल चपटा होऊन कडेने पसरतो. पोकळ ‘फट्’ आवाज आला आणि निम्मा माल पायावर पडला तर एक तर हात भिंतीपासून लांब आहे किंवा माल कोरडा आहे. मारल्याने माल सांध्यांत शिरतो आणि मागची हवा निघते. नुसता सारवला तर हवा मागे राहते, आणि ती पुढे पोकळ वाजते. पहिल्या घाण्यातला पाव भाग खाली पडेल, त्याची लाज नको. छताजवळ झटका जमत नसेल तर पाटीवर माल घेऊन थापीने खालून वर दाबून लावा, पण दाबून.

वरून सुरुवात करा आणि खाली या. दोन पट्ट्यांमधली जागा पट्ट्यांपेक्षा किंचित वर येईपर्यंत भरा. मग ॲल्युमिनियमची पट्टी दोन्ही पट्ट्यांवर टेकवून, करवतीसारखी डावी-उजवीकडे हलवत खालून वर ओढा. जास्तीचा माल पट्टीवर येतो, खड्डे दिसतात. खड्ड्यात माल मारा, पुन्हा पट्टी. दोन-तीन फेऱ्यांत जागा सपाट होते. खाली चार इंची स्कर्टिंग बसणार असेल तर तेवढा भाग सोडा.

रंधा कधी फिरवायचा

पट्टी झाली की नवख्याचा हात लगेच रंध्याकडे जातो. थांबा. अंगठ्याने दाबा. ठसा खोल उमटला आणि माल अंगठ्याला चिकटून आला तर अजून वेळ आहे. ठसा हलका उमटला आणि अंगठा स्वच्छ निघाला की सुरू करा. थंडीत याला तास-दीड तास लागतो, एप्रिल-मेच्या कोरड्या वाऱ्यात अर्धा तासही पुरतो, आणि जुलैत कोल्हापूरच्या दमट हवेत दुपार जाते. लवकर फिरवला तर माल रंध्याबरोबर ओढला जातो, उशीर केला तर रंधा वरून नुसता सरकतो.

कुंच्याने हलका शिडकावा करून लाकडी रंधा गोल-गोल फिरवा. खड्डा दिसला तर चिमूटभर माल, उंचवटा दिसला तर तिथेच दोन फेऱ्या जास्त. मग थांबायचं. भिंत गुळगुळीत व्हावी म्हणून कोरडं सिमेंट भुरभुरवून गुरमाळ्याने घोटायचा मोह होतो, गवंडीही करतात. वरचा पातळ थर निव्वळ सिमेंटचा होतो, खालच्यापेक्षा जास्त आकसतो आणि महिन्याभरात बारीक जाळीदार भेगा येतात. पुढे पुट्टी भरणार असाल तर बारीक रवाळ भिंतच हवी, पुट्टीला धरायला. नेरू, म्हणजे चुन्याचा गुळगुळीत थर, घासायचा असेल तर तो गिलावा हिरवा, म्हणजे अजून ओलसर असतानाच घासावा लागतो. ते दुसऱ्या-तिसऱ्या भिंतीवर शिका.

कोपरा एका दिवसात दोन्ही बाजूंनी करू नका. एक बाजू आज, दुसरी उद्या. गुण्या लावून काटकोन बघा. दिवसाचं काम थांबवायचं असेल तेव्हा कोपऱ्यापासून निदान सहा इंच दूर थांबा आणि थापीने सरळ रेघेत कड कापा. सकाळी ती कड खरवडून, ओली करून, सिमेंटच्या पातळ पेजेचा हात मारून पुढे जा.

पाणी, म्हणजे पुढचा आठवडा

२४ तासांनी पाणी सुरू करा. पहिल्या दिवशी पाइपची धार नको, शिडकावाच, नाहीतर वाळू उघडी पडते. पुढे निदान ७ दिवस, राख मिसळलेल्या म्हणजे पीपीसी सिमेंटला १० दिवस. आज बाजारात मिळणारं सिमेंट बहुतेक पीपीसीच असतं, पोत्यावर वाचा. उन्हाळ्यात दिवसातून तीन-चार वेळा, पावसाळ्यात दोनदा. खरा नियम एवढाच की भिंत मधे पांढरी पडता कामा नये. एकदा पुरी वाळली आणि मग भिजवली तर ते पाणी बरंचसं वाया जातं. समोरासमोरच्या खिडक्यांतून वारा जात असेल तर त्या बंद ठेवा.

पुट्टी आणि रंगाला २८ दिवस थांबा. पावसाळ्यात तेवढ्यानेही भागत नाही. हातभर प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर चिकटवा आणि सकाळी काढा. आतून थेंब दिसले तर ओल आहे, अजून थांबा.

काय बिघडलं आणि का

सात-आठ दिवसांनी नाण्याने किंवा थापीच्या मुठीने भिंत वाजवत फिरा. भरीव आवाज म्हणजे पकड आहे. पोकळ वाजलं तर तिथे खडूने गोल करा. तळहातापेक्षा लहान आणि भेग नसलेला भाग सोडून दिला तरी चालतो. त्याहून मोठा असेल तर काढा. कारण बहुधा तीनपैकी एक असतं: धूळ झाडली नव्हती, भिंत कोरडी होती किंवा माल मारण्याऐवजी सारवला होता.

नखाने वाळू सुटत असेल तर सिमेंट कमी पडलं, माल शिळा होता किंवा पाणी मारायला विसरलात. पहिल्या दोन-तीन दिवसांत हे दिसलं तर पाणी वाढवून काही वेळा सुधारतं. महिन्यानंतर नाही. जाळीदार भेगा वरवरच्या असतील तर पुट्टीत जातात. सरळ, लांब भेग खांबाच्या कडेने गेली असेल तर पुट्टीने झाकू नका, ती सहा महिन्यांत परत येते. तिथला गिलावा फूटभर रुंद पट्टीत काढून, जाळी ठोकून पुन्हा करावा लागतो.

पोकळ भाग काढताना नुसता हातोडा मारत सुटू नका, आजूबाजूचा चांगला गिलावाही हादरून सुटतो. आधी कटरने किंवा धारदार छन्नीने चौकोन कापा आणि मगच आतला भाग उचकटा. कडा आतल्या बाजूला जरा जास्त कोरा, म्हणजे नवा माल पाचरीसारखा अडकून बसतो. सांधे खरवडा, धूळ झाडा, रात्री भिजवा. दुसऱ्या दिवशी त्याच वाळूचा, त्याच प्रमाणाचा माल मारा. वेगळ्या वाळूचं ठिगळ रंगाच्या दोन हातांखालूनही दिसतं, म्हणून घमेलंभर वाळू पोत्यात बांधून बाजूला ठेवलेली बरी.